अर्धा पुठ्ठा

जानेवारीत पहाटे पाचला टिळकनगरात
सतरा अंश म्हणजे थंडीच,
असं मोरेश्वरचं मत.
त्याला मफलर. गाडीला पुठ्ठा.

पुठ्ठा डायलिसिस सेंटरमधून मागून आणलेला,
खोक्याची एक बाजू, करवतीच्या पात्याने कापलेली,
तिच्यावर अजून छापील बाण: ही बाजू वर.
जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढे, सुतळीच्या चार गाठी.
"अर्धाच झाक, ताई. सगळा झाकलास
तर माझ्याआधी गाडी जाईल."
बत्तीस वर्षं बसच्या वर्कशॉपात काढलेला माणूस,
मरणाचे विनोदही पान्याने आवळून करतो.

खरा दोष इलियास मेस्त्रीचा.
कुर्ल्याला त्याने थर्मोस्टॅट काढून
माझ्या तळहातावर ठेवला, पेढ्याएवढा, पितळी.
"मुंबईत ह्याचं काय काम, बाई?
इथं थंड ठेवायची मारामार."
मला पटलं.
मोरेश्वर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

त्याचं म्हणणं,
इंजिनाच्याही अंगात ऊब भरावी लागते,
तोवर ते पेट्रोल पीत नाही, चुळा भरून टाकतं.
आणि आमचा रस्ता सात किलोमीटरचा.
तापतं न तापतं तोवर किंग्ज सर्कल,
चोक आत ढकलावा तर त्याची खुर्ची आलेली,
नर्स रबर बांधून शीर शोधत असलेली.

वही त्याचीच, अक्षर टाइप केल्यासारखं.
पुठ्ठ्याआधी काटा हलला चुनाभट्टी ओलांडून, तेराव्या मिनिटाला.
पुठ्ठ्यानंतर आठव्या, अमर महालच्या थोडं पुढे.
लिटरला तेरा पूर्णांक सहा होते, ते चौदा पूर्णांक दोन.
मी म्हटलं, त्याच आठवड्यात टायरांत हवा भरली होती.
"मग तेही लिही," म्हणाला,
"मला जिंकायचं नाहीये."
समोरच्या पानावर दुसरा हिशेब:
पाणी, दिवसाला सातशे मिली, चहा धरून.
ताकापुढे प्रश्नचिन्ह.

चार तासांनी बाहेर येतो तेव्हा
त्याचे हात फ्रीजमधल्या पडवळासारखे.
मी काचा चढवते, हीटरची ती कळ ओढते
जी ह्या शहरात कुणी कधी ओढली नसेल.
शेजारचा रिक्षावाला बघतो,
दोन म्हातारे, बंद काचा, सकाळचे दहा.
काल-परवापर्यंत तिथून गार वाराच यायचा.
आता सायनच्या आत ऊब येते.
मोरेश्वर जाळीपुढे बोटं धरतो
आणि मायलेजविषयी बोलतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी
मशीन उशिरा मिळालं. निघेतो दीड वाजला.
सायनच्या सिग्नलला डंपर आडवा.
पुठ्ठा काढायचा राहिला होता,
उद्या काढू, उद्या काढू म्हणत.
काटा चढला, मग आणखी चढला.
"हीटर लाव. पूर्ण."
"अरे, छत्तीस अंश आहेत!"
"इंजिनाचा ताप आपण घेऊ थोडा."
घेतला.
त्याच्या कपाळावर घाम आला,
महिन्यांनी पाहिला मी त्याचा घाम.

तरी वाफ आलीच. गाडी कडेला.
"झाकणाला हात लावू नकोस. थांब."
वीस मिनिटं थांबलो.
मी सुतळ्या तोडल्या, पुठ्ठा ओढला,
ओला, मऊ, बाण खाली झालेला.
पाणी कुठलं? मागच्या सीटवर त्याची बाटली,
दिवसाच्या मापाची खूण केलेली, अर्धी शिल्लक.
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो आधीच टोपण फिरवत होता.

एका धारेत ओतलं.
तो शेवटच्या थेंबापर्यंत पाहत राहिला,
ओठ एकदा ओले केले जिभेने.

घरी आल्यावर वहीत एक ओळ:
पाणी, गाडी तीनशे पन्नास.
खाली, मी, आणि रिकामी जागा.
संध्याकाळी त्या जागेत त्याने लिहिलं:
चहा, अर्धा कप. गरम.